एझ्रा ब्रॅकची साखळी

त्या सोमवारी सकाळी कोर्टासमोर उभं राहून मी मोजलं. सत्तावीस इमारती, त्यांतल्या चार, हलवायच्या म्हणून पायावरून उचलून ओंडक्यांवर चढवलेल्या. एक पंप, दांडा नसलेला. अकरा झाडं. आमची एकतीस माणसं कुंपणाच्या आत, प्रॉस्पर गावची चव्वेचाळीस बाहेर, आणि त्यांच्यामागं जू चढवलेले वीस बैल. बंदुका दिसत होत्या त्या सहा.

बैल कोर्ट ओढून न्यायला आणले होते.

आमचं लार्किन हे काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मुख्य गाव. नऊ मैलांवरच्या प्रॉस्परला आगगाडी आली तेव्हापासून त्यांना काउंटीची कचेरी, म्हणजे हे कोर्ट, हवी होती. बँक त्यांनी गेल्या वर्षीच नेली, भिंतीवरच्या घड्याळासकट, फिरत्या ओंडक्यांवरून. पंपाचा दांडाही त्यांनीच पळवला. आमच्या लोकांनी त्यांच्या स्टेशनच्या पाटीला डांबर फासलं. आता वाद जमिनीच्या मापावर आला होता. कायद्यानं कचेरी काउंटीच्या मध्यावरच्या खांबापासून पाच मैलांच्या आत हवी. प्रॉस्पर त्या खांबापासून चार मैलांवर, पलीकडच्या बाजूला. आमचं अंतर माझ्या वडिलांनी, एझ्रा ब्रॅक यांनी, पंधरा वर्षांपूर्वी मोजलं होतं: चार मैल, सत्त्याहत्तर साखळ्या. ऐंशी साखळ्यांचा मैल. म्हणजे आम्ही तीन साखळ्यांनी आत होतो.

वडील वारले. त्यांची साखळी कोर्टाच्या भिंतीवर टांगलेली होती, आणि कॉलेजात शिकून आलेली म्हणून फेरमोजणी माझ्याकडे आली.

शनिवारी ती साखळी मी उतरवून माझ्या नव्या पोलादी फितीशेजारी अंगणात पसरली. शंभर कड्या, आणि मधले सांधे सहाशेवर. ओहायोत वीस वर्षं ओढलेली, मग इथं. सांध्यासांध्यात लोखंड घासलं होतं, आणि साखळी आठ इंचांनी लांब झाली होती. लांब साखळी कमी वेळा टाकावी लागते. अंतर कमी भरतं. मी हिशेब केला. एवढ्या मोजणीत फरक चार साखळ्यांचा पडत होता, म्हणजे खरं तर आम्ही एका साखळीनं बाहेर होतो.

लव्हिना आत्या दारात उभी होती. कोर्टाच्या कामाला येणारी माणसं तिच्या खाणावळीत उतरायची. त्यावरच तिचं घर चालायचं. तिला मी सगळं सांगितलं.

"तुज्या बापानं खोटं मोजलं म्हन."

"खोटं नाही, आत्या. साखळी झिजलेली होती."

"लोक काय म्हंतील ते तुला ठावं हाय," ती म्हणाली आणि आत गेली.

सोमवारी बाहेरगावचा न्यायाधीश टेबल मांडून बसला. मी फीत टेबलावर ठेवली आणि म्हटलं की मोजणी हिनं व्हावी.

प्रॉस्परचा पुढारी थॅडियस क्रँडल पुढं आला. फीत त्यानं दोन बोटांत उचलली, वास घेतल्यासारखी नाकाजवळ नेली आणि परत टाकली. ही पोर लार्किनची, फीतही लार्किनचीच, कुठं काय कापलंय कुणी बघितलंय, असं तो मागं वळून आपल्या माणसांना म्हणाला. मग माझ्याकडं बघून, "ज्या साखळीनं तुज्या बापानं आमाला फशिवलं, तीच काढ. तिच्यावर आमचा माणूस ऱ्हाईल."

"ती झिजली आहे," मी म्हणाले.

"झिजली? माजा नांगराचा फाळ झिजतो तवा लांब हुतो का आखूड?"

त्याची माणसं हसली. आमचीही काही.

"आखूडच की," तो न्यायाधीशाला म्हणाला. "आखूड साखळीनं आकडा वाडतोय, सायेब. न्हाई तर ह्या बाईला ती नको कशाला वाटंल? लिवून घ्या. हीच साखळी, आनि जो आकडा यील तो शेवटचा."

त्यानं सही केली. आमच्या बाजूनंही झाली.

न्यायाधीशानं चष्मा काढला. "बाई, तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे?"

कुंपणाला धरून लव्हिना आत्या उभी होती. तिच्या मागं तिचं घर, पायावरचं. ती माझ्याकडं बघत होती. डोकं हलवलं नाही, हातही नाही.

"नाही," मी म्हणाले.

सगळे खांबापाशी पोचून सुरुवात केली तेव्हा दहा वाजले होते. पुढचं टोक त्यांच्या माणसाकडं, मागचं आमच्या. प्रत्येक साखळीच्या टोकाला एक खुंटी रोवायची. दक्षिणेचा गरम वारा होता, कणसं उभीच वाळत होती, आणि दर दहा साखळ्यांनी दोन्हीकडचे लोक वेगवेगळे मोठ्यानं आकडा म्हणत. क्रँडल माझ्या उजव्या हाताला घोड्यावरून चालला होता. साखळीला जरा झोळ पडला की ओरडायचा, "वढा, वढा नीट." त्याच्या माणसानं दर वेळी अंगातलं सगळं बळ लावून ओढली.

गावाची वेस लागली तसा तो स्वतःच बोटांवर आकडे मोजू लागला.

साडेपाचला शेवटची खुंटी कोर्टाच्या पायरीपाशी रोवली. बैल अजून जुवाखालीच होते. मी खुंट्या मोजल्या, उरलेल्या कड्या मोजल्या, त्यांच्या माणसाला मोजायला लावल्या, आणि वहीत लिहिलं.

चार मैल, शहात्तर साखळ्या, ब्याण्णव कड्या.