डाव्या पायाच्या स्केटचा संशय

मी एक जुना स्केट आहे, मित्रांनो. डाव्या पायाचा, चार चाकांचा आणि स्वभावानं पक्का संशयी. आता ‘बूट कुठं संशय घेतो का’ म्हणून तुम्ही आपसात हसत असणार. हसा. मला ते आधीच वाटलं होतं.

नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानात मला ‘एकदम नवा माल’ म्हणून विकलं, तेव्हा माझी टाच आधीच झिजलेली होती. माणसांवरचा माझा विश्वास तिथंच उडाला. मला घेतलं सावनेरच्या बळीरामभाऊंनी. ते कोळशाच्या खाणीत कामाला. मुलगी दामिनी वाढत्या अंगाची म्हणून त्यांनी दोन नंबर मोठा घेतला, त्यामुळे पहिली दोन वर्षं माझ्या नाकात कापूस कोंबलेला होता. दर रविवारी बापलेक एसटीनं नागपूरला येत आणि दामिनी रोलर हॉकी खेळे. ती फॉरवर्ड, म्हणजे गोल करायला सगळ्यांच्या पुढे धावणारी.

पोरगी पडली, उठली, पुन्हा पडली. जिल्ह्याच्या संघात आली, मग राज्याच्या, मग ज्युनिअरच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिनं सात गोल मारले. पेपरात फोटो छापून आला. तो गुडघ्यावरच कापलेला! हे कोणी मुद्दाम केलं असेल, असं मला आजही वाटतं.

मग मिनल आली. नागपूरचीच, दामिनीच्याच वयाची आणि तीही फॉरवर्ड. तिच्या बॅगेत पाना, ब्रश, फडकं सगळं असे. “तुह्या स्केटची चाकं पाहून देऊ का वं?” असं ती गोड विचारी. गोड बोलणाऱ्याचं मला भारी भय वाटतं. ती मला उचलायची तेव्हा माझे सगळे स्क्रू आखडायचे.

त्या वर्षी बातमी आली, की एका नव्या व्यावसायिक आइस हॉकी संघाला फॉरवर्ड हवी आहे. जागा एकच. निवड करायला स्वीडनहून एक प्रशिक्षक येणार होते आणि चाचणी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात बर्फ नाही म्हणून चाकांच्याच स्केटवर. दामिनीचं जेवणात लक्ष लागेना. पुढे पगार घेऊन खेळायचं, की सावनेरला परत येऊन बसायचं, हे त्या एका सकाळवर ठरणार होतं. मिनलही चाचणीला येणार होती. मी मनात म्हटलं, आता ही काहीतरी करणार.

खंडेनवमी आली. बळीरामभाऊंच्या घरी त्या दिवशी सगळी अवजारं पुजतात. या वेळी दामिनीच्या आईनं, सत्यवतीनं, आम्हा दोघा स्केटांनाही पाटावर बसवलं. पाणी शिंपडलं, मुठीनं हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. बळीरामभाऊंनी चाकांत गोडतेल सोडलं. “आता पाय कसे भिंगरीवानी फिरतीन,” ते म्हणाले. पुजलेल्या अवजाराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, अशी त्यांची रीत. म्हणून दामिनीनं सराव केला नाही. मी तर फुगून गेलो होतो. इतक्या वर्षांत माझ्या कपाळी पहिल्यांदा कुंकू लागलं होतं!

चाचणीच्या सकाळी मिनलनं मला बाकावरून उचललं, चाक फिरवलं आणि ती दामिनीकडे गेली. एकाच जागेच्या धास्तीनं दामिनीनं पाठ फिरवली. थोड्या वेळानं मैदानात दामिनी वेगात वळली आणि माझं पुढचं चाक जाम झालं. ती कोपरावर आपटली.

मला आनंद झाला, मित्रांनो. लाज वाटते सांगायला, पण झाला. माझा संशय खरा ठरला होता ना!

“काहून वं मिनल? काय केलं तू माह्या स्केटले?” दामिनी सगळ्यांसमोर ओरडली. “जागा एकच आहे म्हणून?”

मिनलनं पाना काढला, माझं चाक खोललं आणि दामिनीच्या तळहातावर आपटलं. आतून तेलात भिजलेला लाल लगदा पडला. त्यात तांदळाचे दाणे.

“सकाळीच जड लागून राहिलं होतं,” ती म्हणाली. “सांगाले आली तं तू बोलली नाही.”

“तेल तं म्याच सोडलं होतं,” कठड्याशी उभे असलेले बळीरामभाऊ म्हणाले. प्रशिक्षकांनी हाताची पाच बोटं दाखवली, म्हणजे पाचच मिनिटं. मिनलची चाचणी झालेली होती. तिनं खाली बसून स्वतःच्या स्केटची चाकं काढली आणि माझ्या पायात घातली. रागानं तिनं दामिनीकडे पाहिलंसुद्धा नाही, तरी एकही स्क्रू ढिला राहिला नाही.

त्या चाकांवर दामिनीनं दोन गोल मारले. जागा तिला मिळाली.

आता ती बर्फावर खेळते. तिथं चाकं चालत नाहीत, पातं लागतं, म्हणून मी सावनेरला फळीवर असतो. परवा तिचा फोन आला, पहिला गोल झाला म्हणून. घरात पेढे वाटले. “मिनलले सांगजा, आई,” ती म्हणाली.

“तूच सांग वं,” सत्यवती म्हणाली. “नंबर आहे ना तुह्याजवळ.”

“मले सरावाले जाचं आहे,” दामिनी म्हणाली. मग फोन बंद झाला.

मित्रांनो, अवजाराची पूजा जरूर करा, पण आधी ते पुसा, कोरडं ठेवा. आणि कोणावर बोट दाखवण्याआधी चाक उघडून पाहा. हे मी सांगावं, याचं मलाच हसू येतं. बळीरामभाऊ रोज मला पुसतात आणि म्हणतात, पुढच्या रविवारी नागपूरला जाऊ. ते जात नाहीत. तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असेल, तर मला घेऊन चला. माझ्या पायात अजून मिनलची चाकं आहेत.