शेंदराखालचा माणूस

मी एक जुना दगड आहे. मित्रांनो, दगडाची कसली आली जीवनकथा म्हणून हसू नका. आर्णीकडच्या गायखेड या पंचवीस घरांच्या गावात माझ्याइतकं वय कुणाचंच नाही.

सात-आठशे वर्षांपूर्वी इथे नुसतं रान आणि नाला होता. एका माणसानं पहिलं घर बांधलं, मागून चार घरं आली. एकदा लुटारू गावच्या गाई हाकून नेऊ लागले. तो एकटा आडवा गेला. गाई परत आल्या, तो आला नाही. लोकांनी पाथरवटाकडून माझ्यावर त्याला कोरून घेतलं. खाली गाई, वर तलवार उगारलेला तो. अशा दगडाला वीरगळ म्हणतात.

पुढे कुणीतरी भक्तीनं मला शेंदूर फासला. थरावर थर चढले, गाई बुजल्या, माणूसही बुजला. नारळ फुटू लागले तसा मीही फुगलो, हे कबूल करतो.

त्या वीराच्याच वंशातल्या उकंडाच्या अंगणात मी उभा होतो. १९५६ साली उकंडा नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि घरातले देव नाल्यात सोडायला निघाला. त्यानं योग्यच केलं. ज्या देवांच्या पायरीलाही त्याला कुणी शिवू दिलं नाही, त्यांचं ओझं त्यानं का वाहावं? पण त्यानं मलाही पहार लावली. तेव्हा त्याची म्हातारी आई पंचफुला आडवी आली.

"बापू, तो देव नोहे. आपला मूळपुरुष हाय तो. त्यानंच हे गाव वसवलं."

"मंग शेंदूर काहून फासला त्याले?"

म्हातारीचा हात बाजूला करून उकंडानं पहार रेटली. मी नाल्याकाठी उताणा पडलो.

दोन पावसाळ्यांत शेंदूर गेला. पण बायांना काय दिसलं? धुण्याला बरा, खरबरीत दगड! उकंडाची बायको मथुरा रोज माझ्यावर कपडे आपटू लागली. पंचफुला वारली, तिचं लुगडंही माझ्यावरच धुतलं गेलं.

आठ वर्षांनी गावच्या विहिरीवरून तंटा झाला. पाटील म्हणाले, "तुमी मांगून आलेले लोक. तुमचा कायचा हक?" खरं तर पाण्याला पुरावा कशाला लागावा? पण गाव मागत होतं. उकंडाला आईचे शब्द आठवले आणि तो नाल्याकडे धावत सुटला.

"मथुरे, बाजूले हो! कोनत्या दगडावर धुऊन राह्यली तू?"

"तुमीच त आनून टाकला होता इथं."

तो गुडघ्यांवर बसला. माझ्यावरून बोटं फिरवत राहिला. कपडे आपटून आपटून तलवार झिजून गेली होती, चेहराही गेला होता. एका गाईचं शिंग तेवढं हाताला लागलं. एवढ्यावर पाटील काय मानणार?

मित्रांनो, जुनं टाकायचं असेल तर जरूर टाका. फक्त आधी एकदा खरवडून पाहा. माझा शेंदूर काढायला उकंडाला घटकाभरही लागली नसती.