रुमालाखालचं बोट

"जाऊ द्या" म्हणणारा एक माणूस घरोघरी असतो. तुमच्याकडेही असेल. पालीच्या भामाबाईच्या घरात तो तिचा मुलगा परमेश्वर होता.

शेळ्यांच्या बाजारात सगळे व्यापारी संगनमतानं एकच पडका भाव देतात, अशी तक्रार तिनं त्याला त्याच्या नावानं दिल्लीच्या स्पर्धा आयोगाकडे करायला लावली. आयोगानं दंड ठोकला. व्यापारी अपील न्यायाधिकरणात गेले आणि जिंकले. भाव सारखा असला म्हणून संगनमत सिद्ध होत नाही, असा निकाल! आता उरलं सर्वोच्च न्यायालय. मुदत सोमवारी संपणार होती.

"बास कर, आई. आपल्या शेळ्यांना कुणी हात लावंना."

"कावून बास? निकाल फिरला, खरं न्हाई फिरलं."

"मी मिटवून येतो."

रुमालावर

"या, दिल्लीवाले!" बाजारात व्यापारी युवराजशेठनं परमेश्वरचा हात धरला, वर रुमाल टाकला. या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत, कापडाखाली बोटं दाबून सांगतात.

"अपील करत न्हाई, शेठ. तेवढ्या शेळ्या घ्या."

"लई शहाणा झालास बे!"

भोवतालचे शेळीवालेही हसले. तक्रार त्यांच्यासाठीही होती.

रुमालाखाली

शेठनं दोन बोटं दाबली. म्हणजे निम्मा भाव.

परमेश्वरनं मान हलवली. चालेल.

मग शेठनं त्याचं एक बोट पकडलं आणि हळूहळू मागं नेलं.

"आता सांग दिल्लीला, कापडाखाली काय झालं ते."

कट्!

वर शेठ हसतच होता.

रुमालाशिवाय

बीडला वकील सत्यशीलाताईंच्या ऑफिसात भामाबाई बसून होती. परमेश्वर आला तसं तिनं त्याचं सुजलेलं बोट पाहिलं.

"कुणी बघितलं?"

"कोण बघणार? रुमाल होता."

"बोटाची फिर्याद पोलिसांत देऊ," ताई म्हणाल्या. "पण अपिलात मुद्दा हाच. बोली झाकून चालते, तर गरिबानं पुरावा आणायचा कुठून? वरच्या न्यायालयाला हेच विचारू. सही करता?"

"करतो!"

पण पेन हातातून गळून पडलं.

भामाबाईनं शाईची गादी पुढं सरकवली. "डावा अंगठा धड हाय न?"

बी.ए. झालेल्या परमेश्वरनं आयुष्यात पहिल्यांदा अंगठा उमटवला.

नागरिकहो, आपण "जाऊ द्या" म्हणतो, पण समोरचा आपल्याला जाऊ देत नाही. दाद मागायची वाट उघडी आहे तोवर मागा. बोटं धड आहेत तोवर!