शेवटच्या अडथळ्यावरचा फोटो

आमच्या स्टुडिओत माणसं यायची ती बसायला. हनुवटी वर, डोळे उघडे, हलू नका. तीस वर्षं मी हेच सांगत आले. त्यामुळे नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, पोरीच्या शर्यतीचा फोटो तुम्हीच काढा," तेव्हा मी म्हटलं, "धावणारं माणूस मी कधी टिपलेलं नाही."

भाची अडथळ्यांच्या शर्यतीत धावायची. गुडघ्यानं दगा दिला होता. डॉक्टरांनी ही एक शर्यत धावू दिली, पुढे कायमचं बंद. आठ वर्षं धावली, पण अडथळ्यावरून उडतानाचा तिचा एकही धड फोटो नव्हता. सगळ्यांत ती नुसती धुरासारखी पुसट.

"मामी, मला बघायचंय मी कशी दिसते," ती म्हणाली होती. "धावताना स्वतःला कुठं बघता येतं?"

कॅमेरा माझा, डार्करूम यांची, अशी आमची पहिल्यापासूनची वाटणी. आदल्या दिवशी यांनी मला समोर बसवलं.

"संध्याकाळी उजेड कमी होईल, तेव्हा फिल्म चारशेची घे, वेगवान, ती कमी उजेडातही चालते. शटर पाचशेवर, भिंग पूर्ण उघडं. आणि तिच्यामागे कॅमेरा फिरवत बसू नकोस. शेवटच्या अडथळ्यावर आधीच फोकस लावून ठेव. ती उडालेली दिसली की उशीर झाला समज. पाय जमिनीवरून सुटायच्या आत बोट दाब."

"म्हणजे न घडलेल्या गोष्टीचा फोटो काढू?"

"लग्नात नवरीची आई रडायच्या आधीच कॅमेरा उचलतेस की!"

तसंच केलं. ती आली, मी श्वास रोखला, बोट दाबलं. तिचा तिसरा नंबर आला, पण माझं लक्ष रोलवरच. घरी येऊन तो यांच्या हातात दिला. यांनी चष्मा वर केला.

"अगं, हा तर शंभरचा!"

मला वाचता येत नव्हतं तेव्हा फिल्मच्या डब्यांना मी दोरे बांधायचे, वेगवान फिल्मला लाल, संथ फिल्मला पांढरा. पन्नाशीनंतर अक्षरं शिकले, तसे हे रोलवरच आकडे लिहू लागले आणि कुठला रोल कुठल्या डबीत जातो हे बघेनासे झाले. मी मात्र सवयीनं लाल दोऱ्याची डबी उचलली, आकडा न वाचताच रोल घातला आणि कॅमेरा चारशेवर ठेवला. त्या फिल्मला हवा होता त्याच्या पावपटच उजेड मिळाला होता.

"वाचायला शिकलीस ती कशाला?"

"आणि तुम्हाला डबीत नीट ठेवायला काय झालं होतं?"

शर्यत काही पुन्हा होणार नव्हती.

"फिल्म धुवायच्या औषधात जास्त वेळ ठेवून बघू," हे म्हणाले. रोलच्या सुरुवातीला मी नुसतं मैदान टिपलं होतं. त्यातला एक तुकडा अंधारात कापून यांनी आधी त्याच्यावर करून पाहिलं. नेहमीच्या सात मिनिटांत जवळजवळ काहीच नाही. मैदानाचाच दुसरा तुकडा बारा मिनिटं ठेवला, तेव्हा मैदानाच्या रेषा दिसू लागल्या. मग उरलेला रोल बारा मिनिटं. मी दाराबाहेर उभी राहून घड्याळ बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची आईला घेऊन आली. फोटोत सावल्या कोळशासारख्या काळ्या, वर वाळू पसरावी तसे दाणे. पण पुढचा पाय सरळ, मागचा गुडघा दुमडलेला, अडथळा खाली आणि ती अख्खी हवेत.

"मामी, माझी जीभ बाहेर आहे!"

"आठ वर्षं बाहेरच असणार," नणंद म्हणाली.

भाचीनं टाच आणि अडथळा यांच्यामधल्या फटीवर बोट ठेवलं. बराच वेळ काढलं नाही.

"मामा, याची अजून एक प्रत काढून द्याल? डॉक्टरांना देते. त्यांना कळू दे काय बंद केलंय ते."

हे लगेच फोटोचा कागद काढायला आत गेले.