साईच्या रंगाचं शिंगरू

शेवंती घोडी व्याली तेव्हा तांबडं फुटत होतं. अकरा महिने अर्जुना याच घडीची वाट बघत होता. गडी नुसता हरखून गेला. घोंगड्याचा बोळा घेऊन शिंगराचं ओलं अंग पुसायला बसला, दोन हात फिरवले आणि तिसऱ्याला त्याचा हात जागीच थांबला. पिवळं शिंगरू कुठलं! हे तर दुधावरच्या साईसारखं. नाकपुड्या गुलाबी, ओठ गुलाबी, खालची कातडीसुद्धा गुलाबी. आणि डोळे उघडले तर ते निळे.

"अगं आयाया," त्याच्या तोंडून निघालं. "हरणे, इकडं ये. हे काय झालंय बघ."

हरणाबाई चुलीपुढनं उठून आली, तिनं बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

आता अर्जुनाचं चुकलं कुठं म्हणाल, तर तो पडला मेंढपाळ. खटावच्या कोरड्या माळावर त्याच्या तीन पिढ्या मेंढरांमागं गेल्या. काळ्या मेंढीला काळाच मेंढा दाखवायचा, म्हणजे कोकरं काळी होतात आणि घोंगड्याची लोकर काळी राहते, हे त्याला आईच्या दुधाबरोबर कळलेलं. शेवंती होती हरभऱ्याच्या डाळीसारखी पिवळी. मेंढरांचा तळ हलला की भांडीकुंडी, कोकरं, करडं सगळं तिच्याच पाठीवर. अर्जुनाचा तिच्यावर भारी जीव. मग तिला घोडा दाखवायचा तर तोही पिवळाच पाहिजे, म्हणून तो तिला चालवत विट्यापर्यंत घेऊन गेला. तिथं नानासोंचा घोडा होता. नानासोंनी उभा जन्म मदुराईत सोनं गाळलं, म्हातारपणी गावाकडं आले आणि सोन्याच्या रंगाचा घोडा पाळून बसले. "तुझी पिवळी, माझा पिवळा," नानासो हसून म्हणाले होते, "दुसरं काय हुणार गड्या?"

हे झालं होतं. निळ्या डोळ्यांचं.

अर्जुना-हरणाबाईची लेक राणी वडूजला कॉलेजात शिकायची. तळावर फोनला रेंज नसायची, म्हणून ती टेकाडावर चढली. तिथं तिनं काहीबाही शोधलं आणि खाली आली ती तोंड पाडूनच.

"आबा, असली शिंगरं जगत न्हाईत म्हणं," ती म्हणाली. "पांढरं अंग, निळं डोळं. वरनं चांगली दिसत्यात, पण आतडं आत अर्धवटच झालेलं असतंय. लीद हुत न्हाई. पोट फुगतंय आन एक-दोन दिसात…" पुढचं तिनं गिळलं. "मी जनावराच्या डॉक्टरीनबाईंना फोन लावलाय. त्या लांब हायेत. दुपार हुईल म्हणल्या."

 पोट फुगून मरणं काय असतं ते अर्जुनानं पाहिलं होतं. दहा वर्षांचा असताना त्यांच्या कळपात एक कोकरू जन्मलं, त्याला लेंडीची वाटच नव्हती. असल्या कोकराला मेंढपाळ दूध पाजत नाहीत. मेंढीपासनं तोडून बाजूला ठेवतात, ते उपाशी पोटी गुमान जातं. तेवढीच दया त्यांच्या हातात असते. पण पोरगा अर्जुना चोरून ते कोकरू मेंढीखाली घेऊन गेला, पोटभर पाजलं. मग दोन दिवस ते ओरडत होतं. पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. बापानं अर्जुनाला मारलं नाही, नुसतं म्हणाला, "ऐक आता." ते ओरडणं अर्जुनाच्या कानातनं चाळीस वर्षांत गेलं नव्हतं.

म्हणून त्यानं शिंगरू उचललं, मेंढरं कोंडायच्या जाळीत, वाघरीत नेऊन ठेवलं, आणि घोडीला बाहेर बाभळीला आखूड बांधलं.

"आवं, पाजू द्या की एकदा," हरणाबाई म्हणाली. "बगा, कास गळाया लागलीया तिची."

"तू गप बस. पाजलं की फुगंल. तू ऐकणार हायस का त्याचं वरडणं?"

"पर त्याच्या अंगाला वाट हाय की! मी बघितलीया."

"भायेरनं हाय. आत काय हाय ते तुला दिसतंय व्हय?"

हरणाबाई चुलीकडं वळली. शिंगरू मात्र स्वस्थ बसेना. लटपटत उभं राहिलं, पडलं, परत उभं राहिलं. वाघरीची दोरी तोंडात धरून चोखायला लागलं. बाहेर शेवंती खिंकाळत होती, दाव्याला हिसडे देत होती, आणि तिचं दूध थेंब थेंब मातीत पडत होतं. मेंढरं चारायला सोडायची वेळ टळून गेली तरी अर्जुना जागचा हलला नाही. थोड्या थोड्या वेळानं जायचा, शिंगराची शेपटी उचलून बघायचा. काही नाही. पोटावर हात ठेवायचा. फुगलंय का? की आपल्यालाच वाटतंय? ऊन चढलं, परत बघितलं. काही नाही. प्रत्येक खेपेला त्याची खात्री आणखी पटायची. राणीनं वाचलं ते खरंच होतं. लीद होत नव्हती.

बारा वाजता शिंगरू आडवं झालं ते उठेना. अर्जुनानं बोट पुढं केलं तर त्यानं ते तोंडात घेतलं, दोनदा चोखलं आणि सोडून दिलं. जीभ गार लागली. तेव्हा अर्जुना इतका भ्याला की त्याला तिथं उभंच राहवेना. त्यानं कुदळ घेतली आणि बाभळीच्या पलीकडं खड्डा काढायला लागला. काहीतरी करत राहायचं, बस्स. राणी त्याच्याकडं बघून रडत होती, तिला तो गप बसही म्हणाला नाही.

दोनच्या सुमाराला स्कूटरवरनं डॉक्टर राजेश्वरी आल्या. तिशीतली बाई, उन्हानं तोंड लालबुंद झालेलं. त्यांनी आधी घोडीकडं बघितलं, मग खड्ड्याकडं, मग शिंगराकडं.

"मामा, हा खड्डा कशाला?"

 राणीनंच सगळं सांगितलं.

"चीक कधी पाजला याला?"

"पाजला न्हाई," अर्जुना म्हणाला. "फुगंल म्हणून."

"सकाळपासनं? एक थेंब नाही?" बाईंचा आवाज चढला. "अहो, काय माणसं आहात तुम्ही! राणी, बाटली आण, कोमट पाण्यानं धुऊन. पळ!"

बाई घोडीखाली बसल्या आणि दोन बोटांनी चीक काढायला लागल्या. दातओठ खातच बोलत होत्या. "ही पिवळी आहे. घोडा?"

"त्योबी पिवळाच. मुद्दाम पिवळा बघितला."

"झालं तर मग. मुळात दोघं तांबडेच, मामा. तांबडा रंग पातळ करणारा एक गुण असतो. चहात एक पळी दूध पडलं की रंग फिका होतो ना, तसं. शिंगराला तो एकाकडनंच मिळाला की तांबड्याचं पिवळं होतं. दोघांकडनं मिळाला, दोन पळ्या पडल्या, की असं होतं. साय. डोळे निळे, कातडी गुलाबी. पिवळ्याला पिवळा लावला तर साधारण चारात एक असं, एक तांबडं, दोन पिवळी. मेंढरासारखं रंगाला रंग होत नाही इथं."

"मंग ते आतडं?" राणीनं भीत भीत विचारलं.

"तो आजार वेगळा, त्याचा गुण वेगळा. बहुतेक ठिगळाठिगळाच्या, अबलख घोड्यांच्या घराण्यात येतो. तुझ्या घोडीवर एक तरी ठिगळ आहे का? हे शिंगरू धडधाकट जन्मलंय. जरा उन्हाचं जपायचं, बस्स."

"पर लीद हुईना की, म्याडम," अर्जुना म्हणाला. त्याला अजून धीर येत नव्हता. "दिसभर बघतूय मी."

बाई थांबल्या. त्यांच्या आवाजातला राग गेला, आणि ते जास्तच वाईट होतं. "मामा, चीक पोटात गेला की आतडं हलतं, तेव्हा ती पहिली लीद सुटते. तुम्ही चीकच बंद केलात. मग ती होणार कशी?"

अर्जुना शिंगराजवळ जाऊन बसला. सकाळपासनं तो ज्या खुणेची वाट बघत होता, ती खूण त्यानंच तयार केली होती. रंगानं शिंगरू मरत नव्हतं. ते त्याच्या भीतीनं मरत होतं.

त्यानं शिंगराचं डोकं मांडीवर घेतलं. बाईंनी बाटली लावली. पहिला घोट ओठांतनं बाहेरच आला. दुसराही आला. "गीळ रं बाळा," अर्जुना म्हणत होता, "गीळ, तुझ्या पाया पडतो, गीळ." तिसरा घोट आत गेला. गळ्याची हालचाल त्याला मांडीवर कळली. मग अर्धी बाटली जायला पाऊण तास लागला.

ऊन कलल्यावर शिंगरानं मागचे पाय झाडले, कुंथलं, आणि अर्जुनाच्या पांढऱ्या विजारीवर काळी, डांबरासारखी चिकट लीद टाकली. हरणाबाई मोठ्यानं रडायलाच लागली. अर्जुनानं ती लीद हातात घेऊन बघितली आणि तोही रडला, लेकीसमोर, परक्या बाईसमोर.

"चीक द्यायला उशीर झालाय," बाई सामान आवरत म्हणाल्या. "तीन दिवस ताप येतोय का बघा. उद्या मी येते. आता आईखाली लावा."

हरणाबाईनं दावं सोडलं. शेवंती सरळ शिंगराकडं गेली, त्याला हुंगलं, चाटलं, नाकानं ढोसून ढोसून उभं केलं. शिंगरू कासेला लागलं. अर्जुना तिच्या मानेवर हात ठेवायला पुढं झाला. नऊ वर्षं ती त्याच्या खांद्यावर डोकं टाकून उभी राहायची. आज तिनं कान मागं पाडले, शिंगराच्या आणि त्याच्या मध्ये आडवी झाली, आणि मागचा पाय उचलला. डोळ्यांतलं पांढरं दिसत होतं. सकाळपासनं आपल्याला काय झालं होतं, ते अर्जुनाला तिच्या डोळ्यांत दिसलं.

"आवं, लांब व्हा," हरणाबाई हळू आवाजात म्हणाली. "ती भ्यालीया तुम्हाला."

अर्जुना मागं सरला. वाघरीच्या आत, सकाळी जिथं शिंगरू ठेवलं होतं तिथं जाऊन उभा राहिला आणि दोरीच्या जाळीतनं त्यांच्याकडं बघत राहिला.