एकाच कुशीवर

तारापूरला अणुभट्टीचं काम निघालं त्या साली सातपाटीत आम्ही दोघी जावा एकाच महिन्यात बाळंत झालो. शकूला मुलगा, मला मुलगी. मुलाचं डावं पाऊल आत वळलेलं होतं. सासूला तेवढं निमित्त पुरलं! रोज सकाळी खोबरेल कोमट करून ती पडवीत बसे आणि ते पाऊल हळूहळू बाहेरच्या बाजूला दाबत राही. पोर रडलं की हात सैल, गप झालं की पुन्हा दाब. बाहेर बोंबील वाळत घालायचे राहिले तरी बाई हलत नसे. माझ्या मंदाला मात्र तेलाचं बोट लावलं की झालं.

मी खाटेवर आडवी पडून मंदाला पाजायची आणि दारातून हे बघत राहायची. हे लाड पायासाठी नाहीत, मुलगा म्हणून आहेत, असं मी ठरवूनच टाकलं होतं. पाजून झालं तरी तशीच पडून राहायची. नुसता जळफळाट व्हायचा.

तीन महिन्यांनी सासूनं पोराला उभं धरलं, तर दोन्ही तळवे सपाट टेकले. शकू आनंदानं रडली. खोटं कशाला बोलू, मला तो आनंद गिळवला नाही.

त्याच दिवशी सासूनं मंदाचं टोपडं काढलं. "हिरे, हिचं डोकं उजवीकडनं चपटं झालंय."

"तुमाला आज दिसलं? तुमचा हात कदी फिरला हिच्यावर?" मी फटकन म्हणाले.

ती चिडली नाही. "पाजतेस कशी ते दाखव."

मी मंदाला घेऊन डाव्या कुशीवर, दाराकडं तोंड करून पडले. मंदा माझ्याकडं तोंड करून, उजव्या कानावर.

"दुसऱ्या कुशीवर कदी पाजलंस?"

आठवेना. दुसरीकडं भिंत होती. भिंतीत काय बघायचं?

सासूनं दाराबाहेर पडवीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिला सगळं कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ह्याला चोळायला नको," ती हलक्या आवाजात म्हणाली. "डोकं आतून वाढतंच हाय. जिकडं दाब नाय तिकडं भरतं. तू कूस बदल, ते आपलं आपण गोल होईल."

त्या दिवसापासून मी भिंतीकडं तोंड करून पाजू लागले. पाठीमागं पडवीत शकूचं पोर खिदळायचं, सासू त्याला "माजा राजा" म्हणायची. मी दात आवळून पडून राहायची, रडायची, पण वळायची नाही.

मंदाचं डोकं चार महिन्यांत भरून आलं. मला मात्र अजून शकूकडं काय जास्तीचं आलंय ते तिच्या दारात डोकावून बघितल्याशिवाय सकाळचा चहा गोड लागत नाही.