व्हिडिओतला वाघ

मंगळवारी व्याघ्र प्रकल्पातली सफारी बंद, म्हणून मोहर्लीच्या रिसॉर्टात काउंटरवर बसणाऱ्या उर्वशीला त्या दिवशी सुट्टी. सहा दिवसांचा शीण अंगात मुरलेला असायचा, तरी ती स्कूटी काढून जंगलाच्या कडेच्या टोल्यावर, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीवर, जायची. शाळेच्या वाटेवर वाघ दिसू लागल्यापासून तिथल्या आईबापांनी पाच लेकरांना घरीच शिकवायला घेतलं होतं. गणित-वाचन ते बघत. मोबाईलवरचं खरं-खोटं ओळखणं आणि चारचौघांत उभं राहून बोलणं, एवढं उर्वशीकडे.

दोन महिने झाले, पण पोरं उभी राहिली की माना खाली. बारा वर्षांची दिव्या तर ओठही उघडत नसे. हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी, असं उर्वशीला वाटू लागलं होतं.

त्या मंगळवारी ती पोचली तेव्हा सारा टोला समाजमंदिरात जमलेला. टोल्यावरच्या लटारूभाऊंनी चार दिवसांपूर्वी सगळ्यांना एक व्हिडिओ पाठवला होता. वाघ एका बाईला ओढून नेतोय, खाली लिहिलेलं, ‘आपल्याच जंगलातला.’ तेव्हापासून मोहफुलं वेचायला कोणी गेलं नव्हतं. फुलं झाडाखाली सडत होती.

उर्वशीने व्हिडिओ पाहिला आणि तो खोटा असल्याचं तिच्या लगेच लक्षात आलं. आता हेही आपणच समजवायचं, म्हणून ती कंटाळून बोलायला उठू लागली, तर दिव्याने तिची बाही धरली.

“बाई, मी सांगू?”

दिव्या उभी राहिली. तिने व्हिडिओ पुन्हा लावून मधेच थांबवला. उर्वशीच्या ओठांवर उत्तर आलं होतं, ते तिने आवरलं.

“मागं नारळाची झाडं हाय,” दिव्या म्हणाली. “आपल्या जंगलात कुठी हाय नारळ? हा व्हिडिओ इथचा नाई.”

“मंग वाघ नाई म्हणतेस का?” लटारूभाऊ उसळले.

“वाघ हाय, भाऊ. एकट्यानं जाऊ नोका. पन हा व्हिडिओ खोटा हाय, एवढंच सांगून राह्यली.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दिव्याची आई सोनीबाई तेवढी म्हणाली, “उद्या आठ-दहा जणी मिळून जाऊ.” बायकांनी माना डोलावल्या.

माणसं पांगली. लटारूभाऊ मात्र मोबाईल पुढे करत दिव्याजवळ आले. “पोरी, हा आनखी एक आला. पाह्य बरं.”

दिव्या वाकून बघू लागली. बाकीची चार पोरंही भोवती गोळा झाली. उर्वशी भिंतीला टेकली आणि पाय लांब करून तिने डोळे मिटले. तिला कोणी हाक मारली नाही.